हिरवी पट्टी

१

अच्युत टेंब्यांना आयुष्यात कधी माइक लागला नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी इंदुरात बातमीदारी केली. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदा असोत, कलेक्टरशी वाद असोत की कारखान्याच्या फाटकावरच्या सभा असोत, टेंबे शेवटच्या रांगेतून उभे राहायचे आणि तिथूनच विचारायचे. प्रश्न व्यासपीठापर्यंत पोचला नाही असं एकदाही झालं नाही. "माइक त्यांना द्या, ज्यांना खोटं बोलताना आधार लागतो," असं ते म्हणत.

असा माणूस मार्चमधल्या एका सकाळी मांडीवर पांघरूण घेऊन लॅपटॉपसमोर "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" करत बसला होता. आणि लॅपटॉप ढिम्म.

जानेवारीत बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. पलासियाच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून चौकशी आयोगाने त्यांची साक्ष घरूनच, व्हिडिओवर घ्यायचं कबूल केलं होतं. आज दुपारी एक वाजता. लॅपटॉपचा स्वतःचा माइक गेल्या निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी चहा सांडून मेला होता, म्हणून त्यांच्या पत्नी नंदिनीबाईंनी जेल रोडवरून हा बिनतारी हेडसेट आणला.

"दुकानदार म्हणाला, चाची, डोळे मिटून घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"आणि तू खरंच डोळे मिटून घेऊन आलीस."

"मग तुम्ही जायचं होतं ना, तीन मजले उतरून."

हेडसेटमधून ऐकू सगळं स्वच्छ येत होतं. बातम्या, गाणी, युट्यूबवरच्या कोणाचा तरी घसा खाकरणं. फक्त त्यांचं बोलणं आत जात नव्हतं. लॅपटॉपच्या आवाजाच्या पानावर एक बारीक आडवी रेघ होती. तुम्ही बोललात की ती हिरवी होऊन उजवीकडे सरकते, असं खाली लिहिलं होतं. टेंबे बोलले. ओरडले. माइकची दांडी ओठांना टेकवून दोन अस्सल इंदुरी शिव्या दिल्या. रेघ राखाडीच राहिली.

शेवटी ते गप्प बसले. राग आला की ते असेच एकदम गप्प व्हायचे.

आणि रेघ हलली.

आधी जराशी थरथरली, मग हिरवी पट्टी हळूच उजवीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. कोणीतरी सावकाश, आवाज न चढवता बोलावं तशी.

"आता का?" टेंबे म्हणाले.

पट्टी पडली.

२

त्यांची भाची श्रिया पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. टेंब्यांच्या घरातल्या सगळ्या यंत्रांचा खटला शेवटी तिच्याकडेच जायचा. तिने फोनवर एकेक विचारायला सुरुवात केली. लॅपटॉपला लावायचा तो छोटा रिसीव्हर नीट बसलाय का? बसलाय. दांडीवरचं म्यूटचं बटण? दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. बंद करून चालू केलं? चार वेळा.

"मामा, मी तुमची स्क्रीन माझ्याकडे घेते. तुम्ही हात लावू नका."

बाण आपोआप फिरायला लागला. खिडक्या उघडल्या, मिटल्या. टेंबे हात मांडीवर ठेवून बघत राहिले. दुसऱ्या शहरातली पोर आपल्या टेबलावर हात फिरवते आहे आणि आपण दवाखान्यात तपासायला बसल्यासारखे, असं काहीतरी त्यांना वाटलं. बाहेर कचरागाडी गाणं वाजवत गल्लीतून गेली आणि ते गाणं पार बायपासपर्यंत पातळ होत गेल्यासारखं वाटलं.

"अहो, चालतोय की," श्रिया म्हणाली. "मस्त सिग्नल आहे. बोला, बोला, थांबू नका."

"मी बोलत नाहीये."

"काय?"

"आत्ता, तू म्हणालीस तेव्हा, मी गप्प होतो."

लॅपटॉपवर पट्टी पुन्हा चढली होती.

"मग आजूबाजूचं पकडत असेल. खाली कोचिंग क्लास आहे ना तुमच्या? ते सर माइकवर शिकवतात. असे स्वस्तातले सेट एकमेकांत घुसतात मामा."

हे पटण्यासारखं होतं. पहिल्या मजल्यावरचे सर रोज सकाळी रसायनशास्त्र असं शिकवायचे, की नंदिनीबाईंनासुद्धा अर्धी आम्लं पाठ झाली होती. टेंब्यांना बरं वाटलं. कारण सापडलं की त्यांना नेहमीच बरं वाटे.

"फोनवरून जॉइन व्हा सरळ," श्रिया म्हणाली. "त्याच लिंकने. हेडसेट फेकून द्या."

"बघतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी हाक मारली, "नंदिनी, खालचा क्लास कधी सुटतो गं?"

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "बोर्डाची परीक्षा चालू आहे. शनिवारपासून कुलूप आहे क्लासला."

३

ही साक्ष कशाची होती, ते सांगायला हवं.

आठ वर्षांपूर्वी सांवेर रोडवरच्या एका फोमच्या कारखान्यात पॅकिंगच्या हॉलला आग लागली. पुढच्या दारातून धूर येत होता आणि मागचं शटर बाहेरून कुलूपबंद होतं. चार कामगार शटरपाशी सापडले. त्यातला एक बुद्धरत्न. आजोबा महूच्या छावणीत सुभेदार होते, वडील तिथेच भांडारात. हा घरातला पहिला, जो कारखान्यात लागला.

मालकाने लगेच एक गोष्ट तयार ठेवली होती. बुद्धरत्न बिडी प्यायला आत शिरला, कोणी बघू नये म्हणून त्यानेच शटरला कुलूप लावायला सांगितलं, आणि त्याच्याच बिडीने फोम पेटला. मेलेल्या माणसाला उलटतपासणी करता येत नाही, हे अशा लोकांना आधी कळतं. टेंब्यांनी तेव्हा सलग अकरा दिवस लिहिलं होतं. "शटर रोज बंद व्हायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं? कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं?" असा पहिल्या लेखाचा मथळाच होता. त्या लेखांनी सरकार हललं, आयोग बसला, आठ वर्षं बसूनच राहिला, आणि आता आज संपणार होता. शटर रोज बंद होई आणि ते बुद्धरत्नाला खुपत होतं, असं आगीआधीच कोणीतरी बाहेरच्याने ऐकल्याचं सिद्ध झालं तर बिडीची गोष्ट मोडत होती. नाहीतर अहवालात बुद्धरत्नाचं नाव कारण म्हणून जाणार होतं, कायमचं.

आणि ते ऐकलं होतं. टेंब्यांनीच.

आगीच्या सहा दिवस आधी, मंगळवारी, सव्वा वाजता, ऑफिसच्या फोनवर. बुद्धरत्नाला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. कुठूनतरी नंबर मिळवून त्याने फोन लावला होता, जेवणाच्या सुट्टीत, हॉलच्या कोपऱ्यातून. पाठीमागे कॉम्प्रेसर धपापत होता. तो तोंडात घास ठेवून बोलत होता. मागचं शटर रोज दुपारनंतर बंद करतात साहेब, किल्ली सुपरवायझरच्या खिशात. मी दोनदा बोललो.

टेंब्यांनी वहीत लिहून घेतलं. खाली लिहिलं, "दुसरा सोर्स?" एकट्याच्या तोंडावर बातमी छापायची नाही, दुसऱ्या माणसाने तेच सांगितलं पाहिजे, हा त्यांचा नियम. याच नियमाच्या जोरावर ते कुठल्याही खटल्यात हरले नव्हते. दुसरा माणूस शोधायला ते गुरुवारी जाणार होते. गुरुवारी महापालिकेत गोंधळ झाला, सोमवारी आग लागली.

मग अकरा लेख लिहिताना ही एक ओळ राहून गेली. आयोगापुढच्या शपथपत्रातही त्यांनी लिहिलं, "घटनेनंतर चौकशीत मला समजलं की." एक शब्द. नंतर. तो शब्द आठ वर्षं मांडीत काच रुतावी तसा होता. चालता येत होतं, पण बसताना कळायचं.

४

साडेअकराला त्यांनी रेकॉर्डिंग करून पाहिलं. लॅपटॉपमध्ये सोय होती, वीस सेकंदांची. बटण दाबलं, "हॅलो, एक, दोन, तीन" म्हटलं, थांबले, पुन्हा म्हटलं, थांबले. मग ऐकलं.

जिथे ते बोलले होते तिथे काही नव्हतं. खरखरसुद्धा नाही. कात्रीने कापून काढल्यासारखी स्वच्छ पोकळी. आणि जिथे ते थांबले होते, तिथे एक खोली होती.

त्यांची खोली नव्हे. त्यांच्या खोलीत पुस्तकं होती, पलंग होता, पडदे होते. तिथला आवाज मऊ येतो. ही मोठी होती. उंच छपराची, रिकाम्या भिंतींची. कुठेतरी लांब काहीतरी जड ठोक्यात चालत होतं, दोन ठोके आणि एक दम, दोन ठोके आणि एक दम. स्टीलवर स्टील वाजलं. झाकण उघडल्याचा आवाज होता तो, घरोघरी रोज होतो तसाच.

टेंब्यांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या मनातला बातमीदार उभा राहिला आणि उलटसुलट विचारू लागला. कोणाचा तरी टीव्ही? अशा वेळी कोण कारखाना बघतं? दुकानदाराने कोणाचा जुना सेट डबीत घालून दिला असेल, त्यात आधीचं काही साठलेलं? असल्या सेटमध्ये साठायला जागाच नसते, श्रिया म्हणाली असती. आठवण? आठवण कानात वाजते. तिची फाइल होत नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं. या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंड मिटून बसले.

वीस सेकंद. ठोके. झाकण. कोणीतरी चावून खात होतं, घाईने, सुट्टी संपत आल्यासारखं. घास गिळला. मग त्या माणसाने श्वास घेतला, बोलायला घेतात तसा, आणि वीस सेकंद संपले.

टेंब्यांची एक पद्धत होती. प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही. तो ती भरून काढतो, आणि त्या भरण्यातच खरी बातमी असते. नवीन मुलांना ते सांगायचे, मनात दहा मोजा, दहाच्या आत तो बोलतोच. बुद्धरत्नाशीही त्यांनी तेच केलं होतं. "आणखी काय?" विचारून ते मोजायला लागले होते.

पाचावर तो हसून म्हणाला होता, "बहिणीने आज पण कारलंच दिलंय साहेब."

आठावर म्हणाला होता, "छापाल ना?"

आणि टेंबे सवयीने मोजतच राहिले होते. नऊ. दहा. मग तिकडून कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

५

सव्वाबाराला पंचशीलाचा फोन आला. बुद्धरत्नाची धाकटी बहीण. महूच्या एका शाळेत कारकून होती. आयोगाच्या प्रत्येक तारखेला रजा टाकून, बस बदलत इंदूरला यायची.

"काका, मी हॉलमध्ये पोचली. मागच्या बेंचवर बसलीये. तुमचं ते मशीन चालू झालं ना?"

"होतंय, होतंय."

"तो वकील आहे ना मालकाचा, ऋषभजी, तो आत्ता चहावाल्याला सांगत होता, आज फाइल क्लोज. असं हसून." तिने आवाज हळू केला. "काका, एक बोलू? तुम्ही फक्त जोरात बोला. बस. सगळे तुम्हाला घाबरतात."

"घाबरत बिबरत काही नाही कोणी."

"मी घाबरत होती," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुमच्या ऑफिसात आली तेव्हा. मग तुम्ही मला पोहे खायला घातले आणि दोन तास काही विचारलंच नाही. मीच बोलत बसली."

टेंब्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. ती दोन तास काय बोलली होती, ते त्यांच्या चौथ्या लेखात शब्दशः होतं.

"बाळा," ते म्हणाले, "तुझ्या भावाचा डबा..."

"डबा? नाही मिळाला ना तो. मी किती विचारलं. स्टीलचा होता, स्टील जळतं का? का, काय झालं?"

"काही नाही. सहज आठवलं."

फोन झाल्यावर नंदिनीबाईंनी त्यांचा मोबाइल नेला आणि पाऊणला चार्ज करून आणून टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. "श्रियाने सांगितलंय, ते डबडं नाही चाललं तर याच्यावरून बोला. आणि दोन घास खाऊन घ्या आधी."

"नंतर."

"सगळं तुमचं नंतर," त्या म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

६

एकला पडद्यावर आयोगाचा हॉल उघडला. मधल्या खुर्चीवर निवृत्त न्यायाधीश, बाजूला टंकलेखन करणारा बाबू, पुढे पांढऱ्या शर्टातले ऋषभजी. अगदी मागे, छताच्या पंख्याखाली, पंचशीलाचा चेहरा नखाएवढा. खिडकीतून आलेलं ऊन हॉलच्या फरशीवर आडवं पडलं होतं, आणि टेंब्यांच्या खोलीतलंही तसंच आडवं होतं. क्षणभर त्यांना वाटलं की तो हॉल याच खोलीच्या पुढे जोडलेला आहे, उठून चालत गेलं तर थेट तिथे पोचता येईल.

"टेंबेजी, आप दिख रहे हैं. आवाज़ नहीं आ रही," बाबू म्हणाला.

टेंबे बोलले. नाव सांगितलं, वय सांगितलं. पट्टी राखाडी.

"नहीं आ रही, सर."

मोबाइल हाताच्या अंतरावर होता. टेंब्यांनी तो उचलला, लिंकवर बोट नेलं. तेवढ्यात ऋषभजी उभे राहिले. त्यांचा आवाज हेडसेटमध्ये इतका जवळ आला की मानेवर श्वास लागला असं वाटलं.

"साहब, एक ही सवाल है मेरा, ये सिर हिला दें तो भी चलेगा. टेंबेजी, शटर बंद रहता था, ये आपको पहली बार आग के बाद ही पता चला, जैसा आपने शपथपत्र में लिखा है. सही है?"

सोपं होतं. मान एकदा हलवायची होती.

टेंब्यांनी मान हलवली नाही. का ते त्यांनाही त्या घडीला सांगता आलं नसतं. प्रश्न संपला की गप्प बसायचं, ही चाळीस वर्षांची सवय होती. फक्त आजवर प्रश्न त्यांचा असायचा. मनातलं मोजणं आपोआप सुरू झालं. एक. दोन. तीन.

चारावर पट्टी हिरवी झाली.

न्यायाधीशांनी मान वर केली. बाबूचा हात कीबोर्डवर गेला. "अब आ रही है," तो म्हणाला, आणि टाइप करू लागला.

टेंब्यांना स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. कानात फक्त हॉलमधला पंखा होता आणि बाबूची बोटं. समोर पट्टी मात्र सावकाश पुढे जात होती, मागे येत होती, थांबत होती, पुन्हा जात होती. ऋषभजींच्या चेहऱ्यावरचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून.

आता त्यांना यंत्र कळलं. साधं होतं. ते बोलले की तो आवाज तुटत होता. एक शब्द पुरे होता. खोकला पुरे होता. "नाही" म्हटलं की संपलं, सगळं आहे तसं राहिलं असतं: अकरा लेख, भिंतीवरचा पुरस्कार, शेवटच्या रांगेतला तो माणूस. शब्द घशाशी आलाही होता.

मागच्या बेंचवर पंचशीला उठून उभी राहिली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होती, लांबून कोणाची तरी चाल ओळखावी तशी.

टेंब्यांनी मोबाइल पालथा घातला आणि दात घट्ट आवळले. सहा. सात. आठ. आठावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पट्टी चालतच होती.

"टेंबेजी का वीडियो अटका हुआ है क्या?" न्यायाधीशांनी विचारलं. "होंठ नहीं हिल रहे."

"नेट की दिक्कत है सर," बाबू म्हणाला. "आवाज़ एकदम साफ़ है."

७

जबाब वाचून दाखवायची पद्धत असते. बाबूने एका सुरात वाचला.

"मुझे यह जानकारी घटना से छह दिन पूर्व, मंगलवार, दोपहर सवा एक बजे, बुद्धरत्न के फ़ोन से मिली थी. उसने बताया था कि चाबी सुपरवाइज़र की जेब में रहती है और वह दो बार शिकायत कर चुका है. मैंने छापा नहीं. मैं दूसरे आदमी की राह देखता रहा. शपथपत्र में मैंने जो लिखा वह ग़लत है. इस बात की डायरी मेरे घर में है, नीले पुट्ठे की, लोहे की अलमारी में ऊपर से दूसरे खाने में, राशन कार्ड के नीचे."

टेंब्यांनी कपाटाकडे पाहिलं. कपाट बंद होतं. ती वही रेशनकार्डाखाली आहे, हे नंदिनीलाही माहीत नव्हतं.

"सही है, टेंबेजी?"

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. ती त्यांची स्वतःची मान होती, तेवढं तरी.

"डायरी आज ही मँगवा लेते हैं," न्यायाधीश म्हणाले. "आदमी भेजो." मग चष्मा काढून ते जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "आपने बहुत देर की, पत्रकार महोदय."

ऋषभजी काहीतरी बोलायला उठले होते, पण हॉल बंद झाला. पडद्यावर टेंब्यांचा एकट्याचा चेहरा उरला.

८

अर्ध्या तासाने आयोगाचा माणूस येऊन वही घेऊन गेला. त्याने सांगितलेल्या जागेवरून नंदिनीबाईंनीच ती काढून दिली, दुसरा कप्पा, रेशनकार्डाखाली. दार लावून घेताना एवढंच म्हणाल्या, "मी बाहेरच होते हो. नाव-वय सांगितल्यावर तुमचा एक शब्द ऐकला नाही."

टेंब्यांना वाटलं होतं, आता हे संपलं. हेडसेट डबीत घालून जेल रोडला परत द्यायचा. त्यांनी तो अजून डोक्यावरून काढलाही नव्हता, तोच लॅपटॉपवर पंचशीलाचा कॉल आला. ती हॉलबाहेरच्या बाकावर बसली होती, मागे कोणी तरी स्कूटर काढत होतं. चेहरा रडून सुजलेला होता, पण ती आत्ता रडत नव्हती.

हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं टेंब्यांनी ठरवलं होतं. जबाब आयोगासाठी होता. तिला त्यांनी सांगायचं होतं, त्यांच्याच आवाजात.

"पंचशीला," ते म्हणाले, "तुझ्या भावाने मला विचारलं होतं, छापाल ना म्हणून. मी उत्तर दिलं नाही."

"काका? आवाज नाही येत आहे."

"मी उत्तर दिलं नाही!" ते ओरडले. भिंतीवरची फ्रेम हलली असेल, एवढ्या मोठ्याने.

"अरे यार, काहीच नाही येत. थांबा, मी फोन लावते."

तिने बोट पुढे केलं. टेंबे थकून थांबले. आणि त्यांनी पट्टीकडे पाहायच्या आधीच तिचं बोट हवेत राहिलं.

ती ऐकत होती.

खूप वेळ ती नुसती ऐकत राहिली. मागची स्कूटर निघून गेली. मग ती अगदी हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आणि डबा? जेवलास का त्या दिवशी?"

पट्टी चढली, उतरली.

तिला हसू फुटलं. ओढणीने नाक पुसत म्हणाली, "कारलंच होतं रे. शुगर निघाली होती ना तुझी, दुसरं काय देणार होती मी?"

पडद्याच्या कोपऱ्यात टेंब्यांना त्यांची स्वतःची छोटी चौकट दिसत होती. पांढरे केस, कानावर हेडसेट, तोंड घट्ट मिटलेलं. पण गळा हलत होता. घास गिळल्यासारखा, एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. जिभेवर मात्र कडू चव पसरत होती, ओळखीची, तेलात परतलेली.

जोरात किंचाळावं असं त्यांना झालं. किंचाळले असते तर सुटले असते, आणि तिकडे बाकावर बसलेल्या त्या मुलीच्या कानात पोकळी झाली असती, कात्रीने कापल्यासारखी.

दार उघडलं. नंदिनीबाई ताट घेऊन उभ्या होत्या. "आता तरी खाताय का? कोणाशी चाललंय?"

टेंब्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्या पडद्यावरच्या मुलीकडे, मग नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडे आणि हलणाऱ्या गळ्याकडे बघत राहिल्या. ताट त्यांनी खाली ठेवलं नाही. एक पाऊल मागे सरकून त्यांनी दार परत लोटलं, आवाज होऊ नये असं.

कानात हेडसेटमधली बाई यांत्रिक स्वरात बोलली, "बॅटरी लो."

पंचशीला बोलतच होती. आईचा दमा, नवीन घराचा रंग, आठ वर्षांतलं सगळं, एकामागून एक. मधेच थांबायची, ऐकायची, "हो, हो," म्हणायची.

टेंब्यांनी वाकून खणातली वायर काढली. खुब्यात कळ गेली; त्यांनी ती तोंडातच दाबली. वायरचं टोक हेडसेटला लावलं, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. लाल ठिपका लागला. मग ते पाठ टेकून बसले, हात मांडीवर ठेवले आणि मनातल्या मनात पुन्हा एकपासून मोजायला लागले.